परदेशी मुलांकडे राहायला निघताना

वालचंदनगरच्या कंपनीतून निवृत्त झालेले फिटर, जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य काढलेले गुरुजी, भवानीनगर किंवा माळेगावच्या साखर कारखान्यात नोकरी केलेले लोक. इंदापूर आणि बारामती तालुक्यातल्या या पिढीची मुलं शिकली, पुण्यात नोकरीला लागली आणि तिथून न्यू जर्सी, टेक्सास, टोरांटो, लंडनला गेली. आता आई-वडिलांना बोलावणं येतं. आधी सहा महिन्यांसाठी, मग दरवर्षी, आणि काही घरांत कायमचंच. तिकीट मुलगा काढतो, व्हिसाचा अर्ज सून भरते, विमा जावई बघतो. आई-वडील फक्त बॅगा भरतात.

मला यातच धोका दिसतो. मुलगा-सून कामावर गेलेले असताना दुपारी छातीत कळ आली, तर घरातल्या दोघा म्हाताऱ्यांना औषधांची नावं माहीत नसतात, विम्याचं कार्ड कुठे आहे ठाऊक नसतं आणि कुठला नंबर फिरवायचा हेही कुणी सांगितलेलं नसतं. गावात असं कधी अडत नाही. शेजारचा पोरगा गाडीवर बसवून डॉक्टरांकडे नेतो, डॉक्टर आपल्याला वीस वर्षं ओळखत असतात, मेडिकलवाला रिकामी पट्टी बघून नवी पट्टी देतो. हे सगळं मागे राहतं. म्हणून आपला आजार, आपले कागद आणि आपला पैसा यांची माहिती आपल्या हातात घेऊनच निघायला हवं. मुलं कितीही काळजी घेणारी असोत, हे काम त्यांच्यावर सोडू नका.

सुरुवात औषधांपासून करा. निघण्याच्या दीड-दोन महिने आधी आपल्या डॉक्टरांकडे जाऊन संगणकावर छापलेली, सही-शिक्क्याची चिठ्ठी मागा. तीत कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव हवं. ग्लायकोमेट म्हटलं तर अमेरिकेतल्या डॉक्टरला काही कळणार नाही, मेटफॉर्मिन म्हटलं की लगेच कळेल. टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. काही मूळ नावंही तिकडे बदलतात. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन असतं आणि टायलेनॉल नावाने विकलं जातं. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होतं. ही नावं मराठीत आणि इंग्रजीत एका कागदावर लिहून घ्या. एक प्रत पाकिटात ठेवा, एक फ्रिजवर चिकटवा.

औषधं मूळ पट्टीत आणि खोक्यातच न्या. सुट्या गोळ्या डबीत भरून नेऊ नका. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी साधारण तीन महिन्यांचा साठा नेता येतो. सहा महिने राहायचं असेल तर उरलेल्या तीन महिन्यांची सोय तिथल्या डॉक्टरकडून करावी लागेल हे आधीच धरून चाला. आपल्या डॉक्टरांना व्हिडिओवर सल्ला विचारता येईल, पण त्यांची चिठ्ठी तिथल्या औषध दुकानात चालत नाही, आणि साधं अँटिबायोटिकही चिठ्ठीशिवाय मिळत नाही. गावाहून कुरियरने गोळ्या मागवण्यावर भिस्त ठेवू नका, पार्सल कस्टममध्ये अडकतं. रक्तदाब आणि मधुमेहाच्या बऱ्याच जुन्या गोळ्या तिकडे फार महाग नाहीत. वॉलमार्टसारख्या दुकानात त्यांतल्या काही महिन्याला अगदी मोजक्या डॉलरमध्ये मिळतात. महाग पडते ती डॉक्टरची भेट.

दुबई-अबुधाबीला जाणाऱ्यांनी आणखी एक बघावं. झोपेच्या आणि तीव्र वेदनांच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ अल्प्राझोलाम आणि ट्रामाडॉल, तिथे नियंत्रित औषधांत मोडतात आणि सरकारी परवानगी आधी घ्यावी लागते. वैद्यांनी पुडीत बांधून दिलेली चूर्णं कुठल्याच देशात नेऊ नयेत. पुडीवर नाव नसेल तर कस्टमवाला ती काढून घेतो, आणि अचानक इस्पितळात जावं लागलं तर आपल्या पोटात काय गेलंय हे तिथल्या डॉक्टरला सांगता येत नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी पुढचा भाग दोनदा वाचावा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलीलिटरला ४० युनिट या ताकदीचं असतं आणि त्याची लाल टोपीची सिरिंज वेगळी असते. अमेरिकेत आणि बहुतेक पाश्चात्त्य देशांत बाटली १०० युनिटची असते, तिची सिरिंज नारिंगी टोपीची. इथली सिरिंज तिथल्या बाटलीत घालून नेहमीच्या रेघेपर्यंत औषध ओढलं, तर अडीचपट इन्सुलिन शरीरात जातं आणि साखर इतकी खाली येते की माणूस बेशुद्ध पडतो. पेनमधलं नेहमीचं इन्सुलिन दोन्हीकडे १०० युनिटचंच असतं, म्हणून जमत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने जाण्याआधीच पेनवर या आणि हात बसवून घ्या. विमानात इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन कामाचं राहत नाही. द्रव पदार्थांची १०० मिलीलिटरची अट औषधांना लागू नाही, चिठ्ठी मात्र जवळ हवी. न्यू जर्सी किंवा टोरांटोशी वेळेचा फरक साडेनऊ-साडेदहा तासांचा असतो, तेव्हा प्रवासाच्या दिवशी डोस कधी आणि किती घ्यायचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

साखर मोजायचं यंत्र आपलं स्वतःचं न्या, पट्ट्यांसकट. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात साखर वेगळ्या एककात मोजतात. आपला १८० चा आकडा तिथे १० दिसतो, आणि ७० म्हणजे ३.९. तिथल्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा मिळतो. तीन महिन्यांच्या सरासरीचा सात टक्क्यांचा अहवाल ब्रिटनमध्ये ५३ असा लिहून येतो. हे माहीत नसेल तर माणूस अहवाल बघून विनाकारण घाबरतो, किंवा घाबरायला हवं तेव्हा निर्धास्त राहतो.

दात, डोळे आणि कान यांची कामं इथेच उरकून जा. प्रवासाच्या विम्यात दातांचा नेहमीचा उपचार बहुधा नसतो आणि तिकडे एका दाढेला जो खर्च येतो त्यात इथे सगळे दात होतात. मोतीबिंदू पिकत आला असेल तर आधी शस्त्रक्रिया, मग तिकीट. चष्म्याची दुसरी जोडी आणि श्रवणयंत्राचे सेल जवळ ठेवा. फ्लूची लस घेऊन निघा. बारामतीच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, अकलूजला, सोलापूरला किंवा पुण्यात कधी दाखल झाला असाल, तर तिथली डिस्चार्जची कागदपत्रं, शेवटचा ईसीजी आणि स्टेंट बसवला असेल तर त्याचं कार्ड, या सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. अनोळखी डॉक्टरला जुना ईसीजी दाखवता आला, की आजची गडबड नवी की जुनी हे त्याला पटकन ठरवता येतं.

आता विमा. सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कार्ड मिळू लागलं आहे आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनाही आहे. बरेच लोक या भरवशावर निश्चिंत असतात. पण यांतलं काहीही देशाबाहेर चालत नाही. घरचा मेडिक्लेमही बहुतेक वेळा भारतापुरताच असतो. तेव्हा परदेशासाठी विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि तो कसा आहे हे आई-वडिलांनी स्वतः समजून घ्यावं.

अमेरिकेला जाताना दोन प्रकार समोर येतात. एकात प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते, म्हणजे दिवसाला इतके, शस्त्रक्रियेला इतके. हप्ता कमी असतो, पण तिथलं बिल या ठरावीक रकमेच्या कितीतरी पुढे जातं आणि फरक मुलाच्या खिशातून जातो. दुसऱ्या प्रकारात सुरुवातीचा थोडा खर्च आपला, पुढचा मोठा भाग कंपनीचा. हप्ता जास्त असला तरी घ्यायचा तर हाच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. यातही खरी मेख जुन्या आजारांची आहे. ज्याला दहा वर्षं रक्तदाब आहे त्याला हृदयविकाराचा झटका आला तर कंपनी तो जुन्या आजाराचा भाग मानू शकते. काही पॉलिसींत जुना आजार अचानक उसळला तर खर्च मिळतो, पण वय सत्तरच्या किंवा ऐंशीच्या पुढे गेलं की ही रक्कम खूप घटते. पॉलिसी घेताना एकच प्रश्न लेखी विचारा: मला अमुक आजार आहे, त्यातून तमुक झालं तर किती देणार? उत्तर ईमेलवर घ्या. आणि अर्जात आजार लपवू नका. लपवलेला आजार उघड होतो तो नेमका दाव्याच्या वेळी.

देशागणिक नियम वेगळे आहेत. कॅनडाच्या सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा एक वर्षाचा आरोग्य विमा आधी दाखवावा लागतो. युरोपातल्या शेंगेन देशांसाठी किमान ३०,००० युरोचा विमा लागतो आणि १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. इंग्लंडमध्ये उपचार मोफत असतात अशी आपल्याकडे समजूत आहे. पाहुणा म्हणून गेलेल्याची तिथल्या तातडीच्या विभागात मोफत तपासणी होते हे खरं, पण दाखल करून घेतलं की बिल लागतं, आणि ते सरकारी दराच्या दीडपट असतं. ऑस्ट्रेलियाचा आपल्याशी आरोग्यसेवेचा करार नाही, तिथेही पाहुण्याला विमा हवाच.

अमेरिकेचं ग्रीन कार्ड काढायला निघालेल्यांसाठी एक गोष्ट. वय ६५ झालं आणि ग्रीन कार्ड हातात आलं की मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, सुरू होतो, असं खूप घरांत गृहीत धरलेलं असतं. तसं नाही. कायम रहिवासी म्हणून अमेरिकेत सलग पाच वर्षं राहिल्यावरच मेडिकेअरचं दार उघडतं, आणि स्वतः किंवा जोडीदाराने तिथे सुमारे दहा वर्षं काम केलेलं नसेल तर इस्पितळाच्या भागासाठीही दरमहा मोठा हप्ता भरावा लागतो. मुलाने भरलेला कर आई-वडिलांच्या खात्यात धरला जात नाही. मधल्या पाच वर्षांत विमा बाजारातून विकत घ्यावा लागतो. शिवाय ग्रीन कार्डवाल्याने सलग वर्षभर देशाबाहेर राहायचं नसतं. राहायचं असेल तर निघण्याआधी परतीचा परवाना काढावा लागतो, तोही दोन वर्षांपर्यंतच. ज्यांची शेती इथे आहे, सुगी इथे आहे, ज्यांना तुकोबांची पालखी इंदापुरात येते तेव्हा घरी असावंसं वाटतं, त्यांनी निव्वळ येणं-जाणं सोपं व्हावं म्हणून ग्रीन कार्ड घेऊ नये. व्हिजिटर व्हिसा त्यांना पुरतो. त्यावरही एक लक्षात ठेवा. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहण्याची मुदत विमानतळावर ठरते, सहसा सहा महिन्यांची. ती तारीख आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीत सरकारी संकेतस्थळावर दिसते. पोहोचल्याच्या आठवड्यातच मुलाला ती काढून द्यायला सांगा.

तिथे पोहोचल्यावर पहिलं काम आपला स्वतःचा फोन. मुलाचा जुना हँडसेट, स्थानिक सिम, आणि त्यात घराचा पत्ता. अमेरिकेत आणि कॅनडात तातडीचा नंबर ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००. इंग्रजी येत नाही म्हणून फोन करायला घाबरू नका. ‘चेस्ट पेन’, ‘स्ट्रोक’, ‘फॉल’ यांपैकी एक शब्द, घराचा पत्ता आणि ‘मराठी’, एवढं सांगता आलं तरी पुरतं. पत्ता तोंडपाठ करा आणि नातवाला समोर बसवून दोनदा म्हणून दाखवा. इस्पितळात दुभाषा मागायचा तुम्हाला हक्क आहे. अमेरिकेत फोनवरून मराठी दुभाषा जोडून देतात आणि त्याचे पैसे लागत नाहीत. सुनेला किंवा नातवाला मधे घालून आपल्या लघवीच्या तक्रारी सांगायची वेळ त्यामुळे येत नाही. संकोचापायी असा आजार अंगावर काढणं हे आपल्या आया-बहिणींत फार आहे आणि ते मोडायला हवं.

ताप, खोकला, मुरगळलेला पाय यासाठी ‘अर्जंट केअर’ दवाखाना, आणि जिवावर बेतलं तरच ‘इमर्जन्सी’, हा फरक कळला तर बिल खूप कमी होतं. पण छातीत दुखणं, एक बाजू लुळी पडणं, बोबडी वळणं यात बिलाचा विचार करत बसू नका. १९८६ च्या कायद्याने अमेरिकेतल्या आपत्कालीन विभागांना पैसे किंवा विमा न पाहता रुग्णाला तपासून स्थिर करावंच लागतं. बिल आलं तर घाईने भरू नका. आधी बाबवार तपशील मागा आणि ना-नफा इस्पितळ असेल तर आर्थिक मदतीचा अर्ज मागा. असं मदतीचं धोरण ठेवणं त्या इस्पितळांना बंधनकारक आहे. आपण बेशुद्ध असलो तर निर्णय कोण घेणार याचा एक फॉर्म प्रत्येक राज्यात असतो. तो तब्येत चांगली असतानाच भरून ठेवा.

गावाकडच्या व्यवस्थेचं थोडक्यात सांगतो, पण यातलं काहीही टाळू नका. पेन्शनचा हयातीचा दाखला पहिला. वालचंदनगर किंवा कारखान्याची ईपीएस-९५ पेन्शन असेल तर दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो, म्हणजे विमानात बसण्याआधी देऊन टाकायचा. सरकारी पेन्शनवाल्यांना नोव्हेंबर महत्त्वाचा. मोबाइलवर चेहरा दाखवून ‘जीवन प्रमाण’ करायची पद्धत गावात असतानाच एकदा करून बघा, आणि परदेशातून दाखला कसा पाठवायचा, भारतीय दूतावासाची सही चालेल का, हे आपली पेन्शन जिथून निघते तिथे, कोषागारात, पंचायत समितीत किंवा बँकेत, आधी विचारून घ्या.

बँकेचा ओटीपी ज्या नंबरवर येतो ते भारतीय सिम बरोबर न्या, रोमिंग चालू करा आणि रिचार्ज संपू देऊ नका. तीन महिने वापर नसेल आणि शिल्लकही नसेल तर नंबर बंद होऊन दुसऱ्याला जातो, मग पेन्शनचं खातं असून नसल्यासारखं. कायमचं राहायला जात असाल तर बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. कराचं आणि रहिवासाचं गणित मात्र चार्टर्ड अकाउंटंटकडे बसूनच करा.

शेतीची अडचण वेगळी आहे. अनिवासी झाल्यावर आधीची किंवा वारसाने आलेली जमीन ठेवता येते, नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. पण रोजच्या कामाला माणूस लागतो. ई-पीक पाहणी शेतात उभं राहूनच मोबाइलवर करावी लागते. कारखान्याकडे उसाची नोंद, कालव्याच्या पाण्याचा अर्ज, सोसायटीच्या पीक कर्जाचं मार्चअखेरचं नवं-जुनं, हे न्यू जर्सीत बसून होत नाही. पीएम किसानचा हप्ता अनिवासी माणसाला घेता येत नाही, तेव्हा कायम जाणाऱ्यांनी तो स्वतःहून बंद करावा. भावाला किंवा पुतण्याला कुलमुखत्यारपत्र द्यायचं तर ते इथेच दुय्यम निबंधकाकडे करून जा. त्यात कामं नेमकी लिहा: नोंदी, पाणी, कर्जाचा भरणा. विक्रीचा अधिकार त्यात घालू नका. परदेशातून कागद करायची वेळ आली तर तिथल्या नोटरीपुढे सही करून ॲपोस्टिल किंवा भारतीय वाणिज्य दूतावासाचं साक्षांकन लागतं, आणि कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मृत्युपत्र केलं नसेल तर तेही त्याच फेरीत उरका.

दिवस कसा जातो याबद्दलही बोललं पाहिजे, कारण तिकडे तब्येत बिघडते ती पुष्कळदा घरात कोंडून बसल्याने. गावात माणूस दिवसभरात न ठरवता चार-पाच किलोमीटर चालतो. तिथे गाडीशिवाय कोपऱ्यावरचं दुकानही गाठता येत नाही. जवळची सार्वजनिक लायब्ररी शोधा. अनेक ठिकाणी मोफत इंग्रजीचे वर्ग असतात आणि उबदार खोलीत बसता येतं. मराठी मंडळ शोधा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेत १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाशी गावोगावची मंडळं जोडलेली आहेत. थंडीत पहाटे फिरायला जाऊ नका. रस्त्यावरचं पातळ बर्फ दिसत नाही आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं तर पुढचं सगळं वर्ष त्यात जातं. नातवंडं सांभाळण्यात आनंद आहे, पण गुडघेदुखी असलेल्या आजीने दोन वर्षांचं मूल दिवसातून वीसदा उचलू नये, आणि आठवड्यातला एक दिवस तरी तिचा स्वतःचा असावा. हे आजीने बोलून दाखवलं पाहिजे. मुलांच्या ते लक्षात येत नाही.

अमेरिका-कॅनडाचा विमानप्रवास चौदा-पंधरा तासांचा किंवा त्याहूनही जास्त असतो. व्हीलचेअरची मागणी तिकिटाबरोबरच नोंदवा, चालता येत असलं तरी. इमिग्रेशनच्या रांगेत त्याचा उपयोग होतो आणि भाषेची अडचणही कमी होते. दर दोन तासांनी उठून फेरी मारा, पाणी प्या, पायावर सूज येत असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. खाण्याच्या वस्तू, म्हणजे शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, ज्वारीचं पीठ, कस्टममध्ये स्वतःहून खरं सांगून दाखवा. ताजी फळं, बियाणं आणि मटणाचे पदार्थ नेऊच नका.

शेवटचं बोलणं घरातले सगळे टाळतात. तिकडे काही बरंवाईट झालं तर अंत्यसंस्कार कुठे करायचे? पार्थिव गावी आणायचा खर्च फार मोठा असतो, कागदपत्रं दूतावासातून करावी लागतात आणि काही दिवस जातात. काही पॉलिसींत हा खर्च धरलेला असतो, तो आहे का आणि किती रकमेपर्यंत हे बघून घ्या. तिथेच अग्नी देऊन अस्थी नीरा-भीमेच्या संगमावर आणायच्या, की काहीही करून गावाकडेच आणायचं, हे त्या माणसाने स्वतः सांगून ठेवावं. नाहीतर तिकडचा मुलगा आणि इकडचा भाऊ यांच्यात त्या दिवशी फोनवर वाद होतात आणि ते वर्षानुवर्षं टिकतात. तिकीट काढण्याआधी एका रविवारी सगळ्या भावंडांना फोनवर घ्या, इच्छा सांगा आणि ती मृत्युपत्राच्या फाइलमध्ये चार ओळींत लिहून ठेवा.